मॉडरेटर आणि मालक यांच्यातला वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरचे हजारो समूह त्यांच्याच मॉडरेटरांनी, म्हणजे ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी, एका दिवसात कुलूपबंद केले, आणि तेव्हापासून हे प्रश्न येतच राहिले आहेत. बातम्यांत तो वाद ॲपच्या दराचा म्हणून आला आणि विरूनही गेला. पण असे वाद त्याआधी वीस-पंचवीस वर्षं होत आले आहेत. काम एकाचं आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही मांडणी बदललेली नाही, म्हणून ते पुन्हा होतील. मी स्वतः मॉडरेटरचं काम केलेलं आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. मॉडरेटरांचं जिथे चुकतं, तेही खाली लिहिलं आहे.

मॉडरेटर म्हणजे कंपनीचे नोकर का?

नाही. मोठ्या कंपन्यांकडे पगारी माणसंही असतात, बहुतेकदा कंत्राटदारामार्फत नेमलेली. तक्रार आलेला हिंसक किंवा अश्लील मजकूर ती तपासतात. त्यांचे हाल हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. इथे बोलायचं आहे ते स्वयंसेवकांबद्दल: रेडिटचे समूह सांभाळणारे, प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर मतदानाने निवडून आलेले, फेसबुक ग्रुपचे ॲडमिन, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे सर्व्हर, म्हणजे समूह, चालवणारे.

नियम ठरवणं, जाहिरातबाजी काढणं, शिवीगाळ करणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवणं, नवख्याला जुन्या उत्तराकडे वळवणं, आत्महत्येची भाषा करणाऱ्याला मदतीचा क्रमांक देणं, हे सगळं या कामात येतं. जे काढलं जातं ते वाचकाच्या नजरेस पडतच नाही. म्हणून हे काम जितकं नीट होतं तितकं ते कुणाला जाणवत नाही. रेडिटने शेअर बाजारात उतरताना जी कागदपत्रं दाखल केली, त्यांत डिसेंबर २०२३ मध्ये रोज सरासरी ६०,००० हून अधिक मॉडरेटर सक्रिय होते असं कंपनीनेच लिहिलं आहे.

या कामाची किंमत कुणी काढली आहे का?

हो. नॉर्थवेस्टर्न आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रेडिटच्या मॉडरेटरांच्या कामाच्या नोंदी तपासल्या. सगळे मिळून दिवसाला किमान ४६६ तास काम करतात आणि तासाला २० डॉलर धरले तर वर्षाला ३४ लाख डॉलर होतात, असा त्यांचा हिशेब. कंपनीच्या २०१९ च्या महसुलाच्या हा आकडा २.८ टक्के होता.

यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादी पोस्ट हटवावी की नाही यावर आपसात तासभर चर्चा झाली आणि शेवटी ती ठेवायचं ठरलं, तर ते सगळं कोणत्या नोंदीत येणार?

मग फुकट का करतात?

कारण त्यांना तो विषय आवडतो आणि ती जागा आपली वाटते. एखाद्या दुर्मीळ आजाराच्या समूहाचा मॉडरेटर बहुतेकदा स्वतः रुग्ण असतो किंवा रुग्णाच्या घरचा असतो. कंपनीवरच्या प्रेमापोटी फारसं कुणी हे काम करत नाही. कंपन्यांना नेमकं हेच उमगत नाही असं मला वाटतं. या माणसाची निष्ठा समूहाशी असते. समूहाला धक्का लागेल असा निर्णय वरून आला की तो कंपनीच्या विरोधात उभा राहतो, आणि कंपनीला ती बेइमानी वाटते.

भांडण पेटतं कशावरून?

दर वेळी निमित्त वेगळं असतं, पण घडतं तेच: निर्णय न विचारता होतो, तो अगदी थोड्या मुदतीत लागू होतो आणि त्याची झळ रोज काम करणाऱ्याला बसते.

जुलै २०१५ मध्ये रेडिटने प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रश्नोत्तरांचं समन्वयन करणाऱ्या कर्मचाऱ्याला अचानक काढलं. पाहुणे ठरलेले होते, पण त्यांच्याशी आता बोलायचं कुणी, हे मॉडरेटरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या समूहाने दार लावून घेतलं, पाठोपाठ शेकडो समूहांनी लावलं. तेव्हाच्या प्रमुख एलन पाओ यांनी ६ जुलैला जाहीर माफी मागितली आणि १० जुलैला पद सोडलं. बरीच वर्षं मॉडरेटरांशी नीट बोललो नाही, साधनं देण्याचं वचन पाळलं नाही, अशी कबुली त्या माफीत होती. त्यांच्या जागी सहसंस्थापक स्टीव्ह हफमन परत आले. आठ वर्षांनी जो वाद झाला तो त्यांच्याच काळातला.

२०२३ मध्ये रेडिटवर नेमकं काय झालं?

एपीआय म्हणजे बाहेरच्या ॲपना आणि बॉटना (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामना) रेडिटवरचा मजकूर वाचता-लिहिता येण्याची वाट. ही वाट वर्षानुवर्षं मोफत होती. १८ एप्रिल २०२३ रोजी कंपनीने ती सशुल्क होणार असल्याचं जाहीर केलं. दर किती, हे तेव्हा सांगितलं नाही. ३१ मे रोजी अपोलो या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने आकडा उघड केला: पाच कोटी विनंत्यांना १२,००० डॉलर. त्याच्या ॲपच्या वापराप्रमाणे हे वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर होत होते. दर लागू होणार होता १ जुलैपासून, म्हणजे हातात जेमतेम महिना. अपोलो, सिंक, रिफ ही ॲप ३० जूनला बंद पडली.

१२ जूनला आठ हजारांच्या आसपास समूह खासगी झाले. त्यांत कोट्यवधी सभासदांचे समूहही होते. इतके समूह एकदम बंद झाल्यामुळे त्या दिवशी रेडिटच काही तास कोलमडलं. दोन दिवसांनी बरेच समूह उघडले, पण काही हजार बंदच राहिले. हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. आधीच्या गदारोळांसारखा हाही निवळेल, असा त्याचा सूर होता. पुढे एका मुलाखतीत त्यांनी मॉडरेटरांना वंशपरंपरेने जमीन बळकावून बसलेल्या जमीनदारांची उपमा दिली आणि सभासदांना त्यांना मतदानाने हटवता यावं असे नियम करण्याची भाषा केली.

मग समूह उघडा, नाहीतर दुसरे मॉडरेटर नेमू, असे संदेश येऊ लागले. काही समूहांनी वेगळीच वाट काढली. छायाचित्रांच्या एका प्रचंड समूहाने सभासदांचं मत घेऊन फक्त विनोदकार जॉन ऑलिव्हर यांचीच चित्रं चालतील असा नियम केला. काहींनी समूहावर ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मारला, म्हणजे त्यावर जाहिराती लागू नयेत. त्यातल्या काही समूहांचे मॉडरेटर कंपनीने हटवले.

याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, गोन्झालेझ विरुद्ध गूगल या खटल्यात, आपल्या मॉडरेटरांना सोबत घेऊन निवेदन सादर केलं होतं. स्वयंसेवक निर्णय घेतात म्हणून हे समूह टिकतात, तेव्हा त्यांना कायद्याचं संरक्षण हवं, असा त्यातला युक्तिवाद होता. जानेवारीत जे कंपनीची ढाल होते, त्यांना जूनमध्ये जमीनदार म्हटलं गेलं. ते मला आजही खुपतं.

पण ते तर ॲपवाल्यांचं भांडण होतं. मॉडरेटरांचा काय संबंध?

खूप जवळचा. रेडिटच्या अधिकृत मोबाइल ॲपमध्ये मॉडरेशनची साधनं तोकडी होती, म्हणून अनेक जण काम बाहेरच्या ॲपवरून उरकत. स्पॅम पकडणारे बॉट, एखाद्या सभासदाचा जुना इतिहास शोधून देणारी साधनं, हे सगळं स्वयंसेवकांनी एपीआयच्या आधारे स्वतः उभं केलं होतं. नियमांप्रमाणे पोस्ट आपोआप चाळणारा, आज रेडिटचा अविभाज्य भाग असलेला ऑटोमॉडरेटरसुद्धा मुळात एका वापरकर्त्याने लिहिलेला बॉट. कंपनीने त्याला नंतर नोकरीवर घेतलं आणि बॉट आपल्या यंत्रणेत सामावून घेतला.

दृष्टिहीनांची अडचण सर्वांत मोठी होती. त्यांच्या समूहाचे मॉडरेटर स्वतः दृष्टिहीन, आणि स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) लावून अधिकृत ॲपवर मॉडरेशन करणं त्यांना जवळजवळ अशक्य होतं. ओरड झाल्यावर कंपनीने रेडरीडर, डिस्टोपिया यांसारख्या काही ॲपना सूट दिली. मॉडरेशनचे बॉट मोफतच राहतील असंही सांगितलं. हे आधी विचारून केलं असतं तर अर्धा संताप टळला असता.

कंपनीची बाजू काहीच नाही का?

आहे. सर्व्हरचा खर्च खरा आहे. बाहेरच्या ॲपवर रेडिटच्या जाहिराती दिसत नव्हत्या, आणि भाषा-मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या हाच मजकूर फुकट उपसत होत्या. २०२३ मध्ये रेडिटचा महसूल ८०.४ कोटी डॉलर होता आणि तोटा ९ कोटींच्या घरात. पैसे मागणं गैर नव्हतं. दर आणि मुदत यांवर बोलणी न करणं गैर होतं. शेअर बाजारासाठी दाखल केलेल्या त्याच कागदपत्रांत हफमन यांचा २०२३ चा मोबदला १९.३ कोटी डॉलर दिसला. त्यातला बहुतांश भाग शेअर आणि ऑप्शनच्या रूपात होता हे खरं, पण फुकट काम करणाऱ्याने तो आकडा वाचला की त्याला काय वाटेल, याचा विचार कंपनीने करायला हवा होता.

तो बंद यशस्वी झाला का?

मुख्य मागणीच्या बाबतीत नाही. दर तोच राहिला, ॲप बंद झाली. माझ्या मते घोडचूक सुरुवातीलाच झाली: बंद अठ्ठेचाळीस तासांचा असेल असं आधीच जाहीर केलं. संपण्याची तारीख समोरच्याला ठाऊक असली की त्याला फक्त थांबायचं असतं. शिवाय सगळ्यांच्या वतीने बोलणी करू शकेल असं कुणी नव्हतं. हजारो समूह, प्रत्येकाची वेगळी मागणी. कुणाला दर कमी हवा होता, कुणाला साधनं, कुणाला माफी.

त्यानंतर कंपनीने तो मार्गही बुजवला. ३० सप्टेंबर २०२४ पासून समूह सार्वजनिकचा खासगी करायचा किंवा प्रौढांसाठीचा करायचा तर कंपनीची परवानगी लागते. २०२३ सारखा बंद आज करताच येणार नाही.

मॉडरेटरांना कधी काही पदरात पडलं आहे का?

पडलं आहे, आणि तेही २०२३ च्या त्याच जून महिन्यात सुरू झालेल्या दुसऱ्या संपातून. त्याची चर्चा फार कमी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टॅक ओव्हरफ्लोवर डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली गेली होती. ही उत्तरं दिसायला नेटकी असत, पण बरीच चुकीची, आणि ती इतक्या वेगाने येत की तपासणाऱ्यांचा निभाव लागेना. मे २०२३ च्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना नवी सूचना दिली. एआयच्या संशयावरून उत्तर हटवायचे किंवा सभासदाला निलंबित करायचे अधिकार तिने जवळजवळ काढूनच घेतले. संशयापायी निरपराध माणसं हकनाक बाहेर जातात असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यात तथ्य असूही शकेल. पण मॉडरेटरांना खासगीत दिलेली सूचना आणि जाहीर केलेलं धोरण यांत फरक होता. मॉडरेटरांच्या मते खासगी सूचना बरीच कडक होती, आणि ती त्यांना उघड करता येत नव्हती.

५ जूनला संप सुरू झाला. हटवणं, तक्रारी निकाली काढणं, सगळं थांबलं. स्वयंसेवकांनी चालवलेला स्पॅम पकडणारा बॉटही थांबवण्यात आला. संपाच्या पत्रावर हजाराहून अधिक जणांच्या सह्या झाल्या. शेवटची तारीख कुणी जाहीर केली नाही. मागण्या लिहून दिलेल्या होत्या, आणि बोलायला ठरलेले प्रतिनिधी होते. ऑगस्टमध्ये संप मिटला तेव्हा हाती लेखी तडजोड होती: एआयचा मजकूर कोणत्या खुणांवरून हटवता येईल हे ठरलं, मॉडरेटरांवर परिणाम करणारी धोरणं आधी त्यांना दाखवायची असं ठरलं, आणि सगळ्या मजकुराची प्रत ठरावीक काळाने खुली करण्याची जी प्रथा कंपनीने गुपचूप थांबवली होती तिच्याबद्दलही आश्वासन मिळालं.

मॉडरेटर मतदानाने निवडले जातात याचा इथे मोठा उपयोग झाला. हे जमीनदार आहेत असं तिथे कुणाला म्हणता आलं नसतं. आणि एक जुना धडा त्यांच्या गाठीशी होता: २०१९ मध्ये एका मॉडरेटरला कंपनीने तडकाफडकी काढलं होतं, त्यावर अनेकांनी राजीनामे दिले होते आणि हटवण्याची रीतसर पद्धत त्यानंतर आखली गेली होती.

सरळ पगारच का देत नाहीत?

अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीचा अनुभव कंपन्या विसरलेल्या नाहीत. नव्वदच्या दशकात तिथे सुमारे १४,००० स्वयंसेवक चॅटरूम आणि चर्चा सांभाळत. बदल्यात त्यांना मोफत किंवा स्वस्तात जोडणी मिळे. हळूहळू ठरलेल्या पाळ्या आल्या, कामाचे अहवाल आले, प्रशिक्षण आलं. १९९९ मध्ये माजी स्वयंसेवकांनी खटला भरला: आमच्याकडून नोकरासारखं काम घेता, तर किमान वेतन द्या. अमेरिकेच्या श्रम कायद्यात नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीसाठी ‘स्वयंसेवक’ ही सोय जवळजवळ नाहीच. खटला दहा वर्षांहून अधिक चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. स्वयंसेवकांचा तो कार्यक्रम त्याआधीच गुंडाळला गेला होता.

म्हणून आजच्या कंपन्या मॉडरेटरांना वेळापत्रक देत नाहीत आणि हे काम ऐच्छिक आहे, आमच्या वतीने नाही, असं करारात स्पष्ट लिहितात. याची दुसरी बाजूही आहे: देखरेख फार वाढवली तर ते नोकर ठरू शकतात. मार्च २०२४ मध्ये रेडिट शेअर बाजारात आलं तेव्हा काही शेअर मॉडरेटरांसाठी आणि सक्रिय सभासदांसाठी राखून ठेवले होते. पण ते बाकी गुंतवणूकदारांच्याच दराने, ३४ डॉलरला विकत घ्यायचे होते.

बहुतेक मॉडरेटरांना पगार नकोच आहे, असा माझा अनुभव. पगार आला की वरिष्ठ येतो.

एआय कंपन्यांकडून येणाऱ्या पैशांचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिट आणि गूगल यांचा करार जाहीर झाला. तो वर्षाला सहा कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. मजकूर विकण्याजोगा राहतो तो रोज त्यातला कचरा कुणीतरी वेचतं म्हणून. त्या पैशांतला वाटा वेचणाऱ्याला मिळत नाही.

मॉडरेटर काय कमी मनमानी करतात?

करतात. कारण न देता बाहेर काढणं, आपल्या मताविरुद्धच्या पोस्ट गायब करणं, मित्राला सवलत देणं, हे सगळं होतं. रेडिटवर जो आधी आला तो वर आणि वरच्याने खालच्याला काढायचं, अशी उतरंड आहे. सभासदांना दाद मागायला जागा नाही. काही मोजक्या लोकांच्या हातात डझनावारी मोठे समूह होते. २०२५ मध्ये कंपनीने त्याला आळा घालायचं ठरवलं: मोठ्या वर्दळीचे जास्तीत जास्त पाच समूह एका माणसाकडे. हा निर्णय मला पटतो.

हफमन यांच्या टीकेत तथ्य होतं, म्हणूनच ती इतकी झोंबली. पण मतदानाची भाषा फक्त संप मोडण्यापुरती वापरली की तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय बंद करण्याआधी कितीतरी समूहांनी सभासदांचं मत घेतलं होतंच.

बंदमुळे सामान्य वाचकाला त्रास झाला त्याचं काय?

झाला. जुन्या उत्तरांचे दुवे उघडेनात, आणि आजाराबद्दल किंवा बिघडलेल्या यंत्राबद्दल शोधणारा माणूस दारावरून परत गेला. समूह पूर्ण खासगी करण्यापेक्षा जुनं वाचू द्यावं आणि नवं लिहिणं थांबवावं, हे मला जास्त योग्य वाटतं.

इतकं खटकतं तर दुसरीकडे निघून का जात नाहीत?

जातात, पण सगळ्यांना सारखं सोपं नसतं. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट-जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट सुरू केलं. उबुंटू, फेडोरा हे सॉफ्टवेअर प्रकल्प, विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया अशी मोठी मंडळी काही आठवड्यांत तिकडे गेली. नव्या मालकांनी लिबेराचा नुसता उल्लेख असलेल्या सातशेहून अधिक चॅनेलचा, म्हणजे चर्चेच्या खोल्यांचा, ताबा घेतला, तेव्हा कुंपणावरचेही गेले. तिथे हे जमलं, कारण चॅटमध्ये मागे ठेवण्यासारखा साठा नसतो.

विकिट्रॅव्हल या प्रवासकोशाची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स कंपनीने तो विकत घेतला. जाहिराती आणि दुर्लक्ष यांना कंटाळून २०१२ मध्ये लेखकांनी विकिमीडियाकडे जायचं ठरवलं. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावाही लावला, पण मजकूर मुक्त परवान्याखाली होता, त्यामुळे तो उचलून नेता आला. जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज अधिकृतपणे सुरू झालं. २००२ मध्ये विकिपीडियावर जाहिराती येणार या धास्तीने स्पॅनिश लेखकांनीही असाच वेगळा कोश थाटला होता. आज विकिपीडियावर जाहिराती नाहीत, यामागे त्या फुटीचाही हात आहे.

रेडिट सोडून २०२३ मध्ये काही लोक लेमी या रेडिटसारख्याच जागेवर गेले, पण पंधरा वर्षांची प्रश्नोत्तरं मागेच राहिली.

मालकच नसलेल्या ठिकाणी तरी शांतता असते का?

नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने जर्मन विकिपीडियावर प्रचालकांनाही (तिथल्या स्वयंसेवी मॉडरेटरांनाही) बदलता येणार नाही असं विशेष कुलूप घातलं. ते नोव्हेंबर २०१५ मध्ये काढावं लागलं. २०१९ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर फाउंडेशनने परस्पर वर्षभराची बंदी घातली. कित्येक प्रचालकांनी अधिकार सोडले, प्रकरण समाजाने निवडलेल्या लवाद समितीकडे गेलं आणि सप्टेंबरात समितीने बंदी उठवली. भांडण तिथेही झालं, पण ते न्यायला एक जागा होती.

आम्ही एक समूह सांभाळतो. उद्या अशी वेळ आली तर हाताशी काय असावं?

नियमांची आणि ऑटोमॉडरेटरसारख्या यंत्रणेच्या मांडणीची प्रत स्वतःकडे ठेवा. मार्गदर्शक पानं, वारंवार लागणारी उत्तरं, बंदी घातलेल्यांची कारणं, यांचीही. हटवलं गेल्यावर काहीच काढून घेता येत नाही. सहकाऱ्यांशी बोलायला त्या प्लॅटफॉर्मबाहेर एक जागा हवी. सभासदांनाही माहीत असलेला दुसरा पत्ता हवा, आणि तो वाद सुरू होण्याआधी जाहीर केलेला असावा, कारण वाद पेटल्यावर तो दुवा काढून टाकला जाऊ शकतो.

सेवाशर्ती वाचा. निष्क्रिय मॉडरेटरला बदलण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या राखून ठेवतात, त्यामुळे संप करताना किमान कोणतं काम चालू ठेवायचं ते आधी ठरवा. धमक्या, लहान मुलांचं शोषण, कुणाची खासगी माहिती, या तक्रारी संपातही थांबवू नका. मागण्या तीन-चारच ठेवा आणि त्या लिहून द्या. सभासदांचं मत घ्या, त्याचा निकाल जाहीर ठेवा. बोलायला कोण जाणार ते नावानिशी ठरवा. आणि किती दिवस बंद ठेवणार, हे कंपनीला आधी सांगू नका.